अंतरपाटावरचं उलटं स्वस्तिक

(सांगलीतील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं. म्हणून मीही आज मुलांबद्दलच बोलणार आहे, त्यातही मुलांच्या नजरेबद्दल.

मी विशेष शिक्षिका आहे. गेली वीसेक वर्षं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ऑटिस्टिक मुलांच्या घरी जाते, त्यांच्या आयांशी बोलते. घरात पाऊल टाकल्यावर चहा यायच्या आत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "बाई, पोरगं डोळ्याला डोळाच देत न्हाई." खटाव असो, वाळवा असो, मिरज असो, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, तक्रार तीच. मग आजी मध्ये पडते. "ह्याचा बापबी चार वर्षांचा होईस्तवर बोलला न्हवता. काय न्हाई, लाजतंय ते."

असंच एक घर कराडच्या अलीकडे, नदीकाठच्या गावात. मुलगा सात वर्षांचा, मोजकेच शब्द बोलणारा. आईनं लग्नाचा अल्बम काढला. त्याला माणसं ओळखायला शिकवायचं होतं: हा मामा, ही आत्या, हे आबा. एका फोटोत मंगलाष्टकं चालली होती. अंतरपाट धरलेला, एका बाजूला नवरी दिसत होती, मागे मामा, भोवती पंधरावीस चेहरे, हवेत अक्षता. आई विचारत होती, "मम्मी कुठाय? दाव मम्मी." त्यानं नवरीकडे पाहिलंच नाही. अंतरपाटाच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाला, "उलटं."

आईला वाटलं, अल्बम उलटा धरलाय म्हणतोय. तिनं तो फिरवला. त्यानं परत सरळ केला, पुन्हा तिथंच बोट. "उलटं." मी चष्मा काढून वाकून पाहिलं. अंतरपाटावर कुंकवानं स्वस्तिक काढलेलं असतं. कुंकू ओलं असल्यानं ते पाझरून कापडाच्या पलीकडे उमटलं होतं आणि फोटो पलीकडच्या बाजूनं घेतलेला होता. फोटोतलं स्वस्तिक खरंच उलटं होतं, आरशातल्यासारखं. त्यानं बोटानं त्याच्या चारही भुजा गिरवून दाखवल्या.

त्याची आई कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नऊ वर्षं झाली बाई, ह्यो फोटो बघतोय आमी."

आज मला जे काही सांगायचं आहे, ते त्या एका फोटोत आहे. हा मुलगा बघत नाही असं आपण म्हणत होतो. घरात सगळ्यांत नीट बघणारा तोच होता.

आता डोळ्याचं काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हात समोर पूर्ण ताठ करा आणि अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या रुंदीएवढाच तुकडा आपल्याला एका वेळी खऱ्या अर्थानं स्वच्छ दिसतो. बाकी सगळं धूसर असतं. ते धूसर वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उडी मारतो, एका जागी क्षणभर टेकतो, पुन्हा उडी. या उड्यांतून मेंदू सगळं चित्र जुळवतो. म्हणजे मंगलाष्टकांचा तो फोटो तुम्ही तीन सेकंद पाहिलात, तर तुमच्या डोळ्यांनी त्यातल्या दहा-बारा जागा निवडल्या आणि बाकीच्या सोडून दिल्या. निवड कोण करतं? तुम्ही ठरवून करत नाही. ती आधीच झालेली असते.

आल्फ्रेड यार्बुस नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं हे रेषांमध्ये दाखवलं. त्याचं पुस्तक 1967 साली इंग्रजीत आलं. त्यानं इल्या रेपिन या चित्रकाराचं एक चित्र लोकांना दाखवलं: बऱ्याच काळानं एक माणूस अचानक घरी परतलाय आणि घरातली माणसं चकित होऊन त्याच्याकडे पाहताहेत. चित्र तेच, पाहणारा तोच, फक्त प्रश्न बदलला. माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्याचेहऱ्यांवरून फिरली. घरची सांपत्तिक स्थिती सांगा म्हटलं की ती टेबलखुर्च्यांवर, कपड्यांवर गेली. मनात जो प्रश्न असेल त्याच्यामागे नजर जाते. म्हणून एखादं मूल फोटोत "भलतीकडे" बघतं तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो की त्याच्या मनातला प्रश्न कोणता आहे.

आता यार्बुसपेक्षा सोपी यंत्रं आली आहेत. पडद्याखाली एक पट्टी असते. ती डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते. बुबुळावर त्याची बारीक चमक उमटते, आणि बाहुलीपासून ती चमक किती अंतरावर आहे यावरून नजर पडद्यावर नेमकी कुठे आहे ते कळतं. मुलाला काही चिकटवावं लागत नाही, बोलायला सांगावं लागत नाही. जे मूल बोलत नाही, त्याच्याबद्दल काही कळायचं असेल तर ही फार मोठी सोय आहे.

2002 साली अमेरिकेत ॲमी क्लिन, वॉरन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक तरुणांना एक जुना सिनेमा दाखवला. एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन यांचा, 1966 सालचा, सगळा घरातल्या भांडणांचा. 15 ऑटिस्टिक आणि 15 इतर. इतरांची नजर बहुतेक वेळ पात्रांच्या डोळ्यांवर होती. ऑटिस्टिक तरुण डोळ्यांकडे त्याच्या निम्म्यानं बघत होते आणि तोंडाकडे, अंगाकडे, खोलीतल्या वस्तूंकडे जास्त. एका प्रसंगात एक पात्र भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून ते कुणी काढलं असं विचारतं. इतर बघणाऱ्यांची नजर बोटाच्या दिशेनं सरळ त्या चित्रावर गेली. एका ऑटिस्टिक तरुणाची नजर बोटाच्या दिशेनं गेली नाही. "चित्र" हा शब्द कानावर पडल्यावर त्यानं भिंतीवरची चित्रं एकेक करून तपासली.

या अभ्यासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑटिस्टिक तरुणांपैकी जे तोंडाकडे जास्त बघत होते, त्यांचं लोकांत मिसळणं जास्त बरं होतं. डोळ्यांकडे किती पाहिलं याचा त्याच्याशी तसा संबंध दिसला नाही. मला वाटतं, ते बरोबरच आहे. ज्याला डोळ्यांतली भाषा वाचता येत नाही, तो शब्दांना धरतो, आणि शब्द तोंडातून येतात. बहिरा माणूस ओठ वाचतो तेव्हा त्याला कुणी उद्धट म्हणत नाही.

पुढे 2015 साली शुओ वांग, राल्फ ॲडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी रोजच्या जगण्यातले 700 फोटो दाखवले. काही काम दिलं नव्हतं, नुसतं बघायचं. इथे मला जास्त शिकायला मिळालं, कारण त्यांनी चेहऱ्यांपुरती मोजणी केली नाही. ऑटिस्टिक लोकांची नजर चेहऱ्यांकडे कमी गेली, आणि फोटोतली माणसं जिकडे बघताहेत तिकडेही कमी गेली. चित्राच्या मध्यभागी ती जास्त रेंगाळली, तिथे विशेष काही नसलं तरी. आणि रंगाचा फरक, कडा, उजेड-सावली यांची ओढ जास्त दिसली. फोटो हातात घेतल्यावर आपण आधी माणसं बघतो. ही मुलं आधी फोटो बघतात. अंतरपाट फोटोच्या मधोमध होता. पांढऱ्या कापडावर लाल कुंकू होतं.

हे सगळ्या ऑटिस्टिक माणसांना सारखं लागू नाही. माझ्याकडे चेहऱ्यांचं वेड असलेली एक मुलगी होती. अनोळखी बाईच्या कपाळाची टिकली ती हात लावून बघायची. पुढे बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा असं आढळलं की चित्रात एकच माणूस असला तर फरक थोडा असतो, एकापेक्षा जास्त माणसं एकत्र असली की वाढतो. आपली जत्रा, आपलं लग्न, आपला वाढदिवस डोळ्यांसमोर आणा. त्यात एकटा माणूस कुठे असतो?

आता शब्दाबद्दल. मराठीत आपण "स्वमग्न" म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण चुकीचा आहे असं मला वाटू लागलंय. 1911 साली ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञानं "ऑटिझम" हा शब्द ग्रीक "ऑटोस" म्हणजे "स्व" यावरून घडवला, तोही वेगळ्याच, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. 1943 मध्ये लिओ कॅनरनं 11 मुलांचं वर्णन करताना तो उचलला.   पण कॅनरनं जे पाहिलं ते शब्दापेक्षा मोठं होतं. ही मुलं वस्तूंशी फार चांगलं नातं जोडतात, हे त्यानं लिहून ठेवलं. माणसांपेक्षा माणसांच्या चित्रांशी त्यांचं जास्त जमतं, हेही. कारणही त्यानंच दिलं, की चित्र मध्ये लुडबूड करत नाही. ज्या मुलाला वस्तूंचं आणि चित्रांचं इतकं वेड आहे, ते स्वतःत मग्न कसं? ते आपल्यात मग्न नाही, एवढंच खरं. आपण त्याचा अर्थ "स्व" असा लावला.

आणखी एक गोष्ट आपल्या मातीतली आहे. भारतात ऑटिझमच्या दाखल्यासाठी जी मापनी वापरतात, तिच्यात 40 मुद्दे आहेत. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 किंवा त्याहून जास्त झाली की ऑटिझम धरतात. त्यातला पहिलाच मुद्दा डोळ्याला डोळा न देण्याचा आहे. आणि हे मोजलं जातं आपल्या समाजात, जिथे "नजर वर करून बोलतोस?" हा रागाचा शब्द आहे. सुनेनं सासऱ्याशी, विद्यार्थ्यानं गुरुजींशी खाली मान घालून बोलावं हाच मान होता. मग आपल्याकडे हा मुद्दा गैरलागू आहे का? मी बराच विचार केला. तसं नाही. पदराआडची सून खाली बघत असते, पण घरात कुणाच्या कपाळाला आठी पडली ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं. ती नजर चोरून बघते. चोरायला आधी नजर त्या दिशेला जावी लागते. ऑटिस्टिक मुलाच्या बाबतीत ती ओढच वेगळ्या दिशेनं असते. म्हणून मी घरच्यांना विचारते: तुमचं लक्ष नसताना ते तुमच्याकडे बघतं का? तुम्ही अचानक हसलात तर कशाला हसलात हे शोधायला ते मान वळवतं का? मापनीतल्या पहिल्या मुद्द्यापेक्षा याच्या उत्तरातून जास्त कळतं.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझं शिक्षण झालं तेव्हा "इकडे बघ" हा पहिला धडा होता. बिस्किटाचा तुकडा दोन बोटांत धरून तो माझ्या दोन डोळ्यांच्या मध्ये न्यायचा. मुलानं डोळ्यांत पाहिलं की तुकडा द्यायचा. दहा वेळा, वीस वेळा, वहीत खुणा. मी हे वर्षानुवर्षं केलं. मुलं शिकली. ती माझ्या कपाळाकडे बघायला शिकली आणि मी वहीत बरोबरची खूण करत राहिले. अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी लिहिलंय की समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं, कुणाला ते भाजल्यासारखं होतं. 2017 मध्ये नुशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रांत पाहिलं की ऑटिस्टिक लोकांना मुद्दाम डोळ्यांवर नजर ठेवायला लावली की मेंदूच्या खोल भागातली खळबळ इतरांपेक्षा जास्त वाढते. ज्याला मी बेपर्वाई समजत होते, ती त्यांची स्वतःला सांभाळण्याची धडपड असू शकते. ती वही मी जपून ठेवली आहे, फेकली नाही. नव्या शिक्षिका येतात तेव्हा त्यांना दाखवते.

गेल्या काही वर्षांत नजरेवरून निदान करण्याचं यंत्र आलं आहे. त्याच जोन्स आणि क्लिन यांनी 2013 साली दाखवलं होतं की ज्यांना पुढे ऑटिझम असल्याचं कळलं, ती बाळं दोन महिन्यांची असताना चित्रफितीतल्या बाईच्या डोळ्यांकडे इतर बाळांसारखीच बघत होती. ते बघणं त्यानंतर, सहा महिन्यांपर्यंत, हळूहळू कमी होत गेलं. जन्मतःच आई नको असते असं नाही. हे वाचून माझ्यासमोर किती आया रडल्या असतील! "माझ्याकडं एकदातरी बघितलं व्हतं की," असं एक जण म्हणाली. 2023 मध्ये 16 ते 30 महिन्यांच्या 475 मुलांवर त्यांचं यंत्र तपासलं गेलं. ऑटिस्टिक 100 मुलांमागे 71 जणांना त्यानं ओळखलं. म्हणजे 29 सुटली. यंत्रानं "नाही" म्हटलं म्हणून निवांत होऊ नका, एवढंच मी आईबापांना सांगते. आपल्याकडेही काम सुरू आहे. संशोधक भिस्मदेव चक्रवर्ती, गोव्यात सुरू झालेली 'संगत' ही संस्था आणि इतरांनी मिळून टॅबलेटवर चालणारं एक ॲप तयार केलं. दिल्लीत ते घेऊन साध्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर गेल्या, मुलांना माणसांच्या आणि भौमितिक आकृत्यांच्या चित्रफिती दाखवल्या, आणि टॅबलेटच्या कॅमेऱ्यानं मूल कुठे बघतंय ते टिपलं. तज्ज्ञ डॉक्टर पुण्या-मुंबईत आणि मूल जतला, हे अंतर अशाच वाटेनं कमी होईल.

दोन वर्षांपूर्वी पाच मुलं आणि त्यांचे पालक घेऊन मी औंधला गेले होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर उभं केलेलं ते चित्रसंग्रहालय. औंधचा हा राजा स्वतः चित्रकार, म्हणून राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. पालक रविवर्म्यासमोर थांबले. चेहऱ्यावरचे भाव, डोळ्यांतलं पाणी, नेसण्याची तऱ्हा यांवर बोलत राहिले. तेवढ्यात बारा वर्षांची एक मुलगी जमिनीवर उताणी पडली. आई धावली, ओशाळली, उठवू लागली. मी म्हटलं, राहू द्या, आपण तिच्या शेजारी बसू. खालून पाहिल्यावर चित्रावरच्या काचेत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्यातून एक ढग हळूहळू सरकत होता. चित्रातल्या बाईच्या खांद्यावरून तो गेला. मुलगी तो जाईपर्यंत पडून राहिली, मग आपणहून उठली आणि पुढच्या चित्राकडे गेली. तिची आई मात्र अजून खाली बसलेली होती. तिला तो ढग आत्ता दिसला होता.

डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 साली त्यांनी मांडलं की न कळण्याची ही अडचण दुहेरी आहे. ऑटिस्टिक लोकांना आपलं मन कळत नाही असं आपण म्हणतो. आपल्यालाही त्यांचं कळत नाही, ते मात्र आपण कुठल्याच मापनीत मोजत नाही. वांग यांच्याच गटानं नंतर ऑटिस्टिक लोकांच्या हातात कॅमेरा दिला तेव्हा त्यांचे फोटो घेण्याचे कोन वेगळे निघाले, माणसं टिपण्याची तऱ्हाही वेगळी. लग्नात फोटोग्राफर ठरवतो की अल्बममध्ये काय यायचं. एखाद्या लग्नात असा एक कॅमेरा त्यांच्या हातात द्यायला काय हरकत आहे?

वेळ संपत आलाय, पण एक कामाचं बोलणं राहिलंय. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय पाहणीत, ज्यात उत्तर गोवाही होता, लहान मुलांत दर शंभरात साधारण एक ऑटिस्टिक आढळलं. म्हणजे या सभागृहातल्या अनेकांच्या भावकीत असं एखादं मूल असू शकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला, त्याच्या तपासणीतही ऑटिझम आहे. वर्षातून दोनदा या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, एकदा शाळेत. दीड वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, काही दाखवायला बोट करत नसेल, तुम्ही बोट केलंत तरी तिकडे बघत नसेल, तर "बापबी उशिरा बोलला" म्हणत बसू नका.

अंगणवाडी सेविकांना माझं हात जोडून सांगणं आहे. पथक यायच्या दिवशी काही घरं मुद्दाम मुलाला घरी ठेवतात. लोक काय म्हणतील म्हणून, किंवा ते रडेल, ओरडेल म्हणून. तुम्हाला ती घरं माहीत असतात. त्या दिवशी सकाळी आधी त्या घरी जा, आणि मुलाला बरोबर घेऊन या.